हुकूम एकाचा, हात सगळ्यांचे

मैत्रिणींनो, घरात लग्नकार्य निघालं की कोठीची किल्ली एकीच्याच कमरेला असते. कितीही जावा-नणंदा, आत्या-मावश्या जमल्या, तरी तूप-साखर काढायची ती तिला विचारूनच. ती सगळ्यांहून शहाणी म्हणून नव्हे, तर कार्य नीट पार पडावं म्हणून. मग गावात पूर आला, दरड कोसळली, की तिथेच बारभाईंचा कारभार का?

अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७० साली वणवे पेटले. तेरा दिवसांत सोळा बळी गेले. बंब होते, माणसं होती. पण प्रत्येक खात्याचा साहेब वेगळा, वायरलेस वेगळा, बोलीसुद्धा वेगळी! त्या धड्यातून एक पद्धत निघाली. घटनास्थळी प्रमुख एकच. प्रत्येकाला हुकूम देणाराही एकच. एकाच्या हाताखाली साधारण पाच माणसं, फार तर सात. बचाव कोणी करायचा, पुढचा विचार कोणी करायचा, सामान कोणी पुरवायचं, हिशेब कोणी ठेवायचा, सगळं आधीच ठरलेलं.

आपल्याकडे २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि २०१० मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने हीच पद्धत आपल्या प्रशासनाला बेतून दिली. जिल्ह्याची जबाबदारी कलेक्टरांवर, तालुक्याला तहसीलदारांसारखा अधिकारी. त्यात एक सुरक्षा अधिकारीही असतो. धोका दिसला तर काम तिथल्या तिथे थांबवायचा अधिकार त्याला आहे.

हे पद किती मोलाचं, ते सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला विचारा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन निघालेली बोट तिथे उलटली. बुडालेल्यांत बायका होत्या, लेकरं होती. जीव मुठीत धरून निघालेल्या माणसांना दोष कसा द्यायचा? "आता बास, पुढच्या खेपेला," असं ठामपणे म्हणणारं आणि ज्याचं सगळे ऐकतील असं माणूस काठावर हवं, एवढंच.

माझं म्हणणं असं, की नुसते शासकीय कागद गावाला वाचवत नाहीत. पाणी चढायला लागतं तेव्हा साहेब पोचेपर्यंत गावच असतं. तेव्हा गावाचा प्रमुख कोण, हे पावसाळ्याआधीच ग्रामसभेत ठरायला हवं. आणि त्या यादीत बायका हव्यातच. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुठली म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे, हे बचत गटातल्या बायांइतकं कोणाला ठाऊक असतं? निवारा छावणीत आडोसा, संडास, पॅड्स लागतात, हे पुरुषांच्या यादीत आपसूक येत नाही. सामानाची जबाबदारी एखाद्या बाईकडे असली तर ते मागावं लागणार नाही.

एकाचं ऐकायचं म्हणजे मुकाट बसायचं नव्हे. माहिती द्यायची, नेमून दिलेलं काम चोख करायचं, आणि बघ्यांची गर्दी वाढवायची नाही. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि पुढच्या ग्रामसभेत हात वर करून विचाराच, "आपल्या गावाची किल्ली कोणाकडे?"