पंडितजी, इचोड्याला थांबा

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 आदिलाबाद सोडल्यावर गुडीहत्नूर, इचोडा, नेरडीगोंडा करत निर्मलचा घाट उतरतो. या रस्त्याच्या दोन्ही टोकांना अलीकडे एकेका उन्हाळ्यात देशातले नामवंत गायक-वादक मुलांना शिकवायला जमले होते. 2023 साली नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि 2025 साली हैदराबादच्या आयआयटीत ‘स्पिक मॅके’ची आंतरराष्ट्रीय अधिवेशनं झाली. किरण सेठ यांनी दिल्लीच्या आयआयटीत 1977 मध्ये सुरू केलेल्या या चळवळीने एक शिस्त घालून दिली आहे. पहाटे चारला उठायचं, श्रमदान करायचं, दिवसाचे काही तास एकाच गुरूपुढे बसून एकच कला शिकायची. संध्याकाळी मैफिली सुरू होतात आणि त्या कधी कधी पहाटेपर्यंत चालतात. धृपद गाणारा, कथक करणारा आणि लोककलेचा कारागीर, तिघांनाही तिथे गुरू म्हणूनच वागवतात. हे मला फार मोलाचं वाटतं.

पण तिथवर पोचतं कोण? बहुतेक तीच मुलं, ज्यांच्या कॉलेजात ही चळवळ आधीच पोचलेली असते. बजारहत्नूरच्या किंवा इंद्रवेल्लीच्या आश्रमशाळेत आठवीत शिकणारी मुलगी तिथे जात नाही. तिला कुणी बोलवत नाही आणि बोलावलं तरी घरचे एकटीला सोडणार नाहीत. नागपूर-हैदराबाद प्रवासात कलावंत तिच्या गावाजवळून जातात आणि पुढे निघून जातात. त्यांनी मे महिन्यात आठ-दहा दिवस इचोड्यात राहावं, या मुलांबरोबर वाजवावं, असं मला मनापासून वाटतं. ते कसं व्हावं आणि कसं होऊ नये, यावर आजचा स्तंभ आहे.

आधी कसं होऊ नये ते. उन्हाळी संगीत शिबिर म्हटलं की आपल्याकडे सभागृहात साठ-सत्तर मुलं खाली सतरंजीवर बसतात. मंचावर माइक लावून गुरुजी. एक सरगमगीत, एक भजन, एक देशभक्तिगीत बसवलं जातं. अखेरच्या दिवशी पालक येतात, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं जातं, मुलांना प्रमाणपत्र मिळतं. मुलांनी गुरुजींना पाहिलेलं असतं. गुरुजींनी मात्र एकाही मुलाचा आवाज वेगळा असा ऐकलेला नसतो. अशा शिबिरांवर खर्च होणारा पैसा आणि त्या कलावंतांचा वेळ, दोन्ही वाया जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी तऱ्हा जगात रुजलेली आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मार्लबरो या गावी 1951 मध्ये पियानोवादक रुडॉल्फ सर्किन, त्यांचे सासरे व्हायोलिनवादक अडॉल्फ बुश, बासरीवादक मार्सेल मोयझ आणि त्यांच्या घरच्या मंडळींनी उन्हाळ्यातला एक उपक्रम सुरू केला. बुश आणि सर्किन नाझींच्या काळात युरोप सोडून आलेले होते. इथे शिकवायची चीज म्हणजे चेंबर म्युझिक. तीन, चार, पाच वादक, प्रत्येकाची ओळ वेगळी आणि पुढे उभा राहून हात हलवणारा कुणी नाही. चौकडीत दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. समोरच्याने श्वास घेतलेला दिसला की चौघांनी एकदम सुरुवात करायची. तिथे ज्येष्ठ कलावंत वर्ग घेत नाहीत. ते तरुणांच्या गटात एक वादक म्हणून बसतात. साठीतला माणूस आणि विशीतली मुलगी एकाच रचनेवर कित्येक दिवस घासतात, आणि त्यातल्या पुष्कळ रचना श्रोत्यांपुढे कधी येतच नाहीत. काय वाजणार हे आधीपासून ठरलेलं नसतं. जे तयार झालं ते वाजवायचं. चेलोवादक पाब्लो कासाल्स 1960 पासून तिथे येऊ लागले तेव्हा त्यांची ऐंशी उलटली होती. 1964 साली याच मंडळींतून ग्वार्नेरी चौकडी उभी राहिली आणि पुढे कित्येक दशकं जगभर वाजली.

मार्लबरोला येणारे तरुण आधीच तयारीचे असतात, तेव्हा इचोड्याला ते जसंच्या तसं लागू होत नाही. त्यापेक्षा जवळचं उदाहरण न्यू हॅम्पशायर राज्यातल्या ॲपल हिलचं. नेल्सन नावाच्या गावात 1971 पासून हे केंद्र आहे. तिथली निवासी चौकडी उन्हाळ्यात सगळ्या वयाच्या आणि सगळ्या तयारीच्या लोकांना शिकवते आणि मैफिली होतात त्या धान्याच्या जुन्या कोठारात. 1988 पासून त्यांनी आणखी एक पाऊल उचललं. एकमेकांशी भांडण असलेल्या देशांतले, समाजांतले तरुण मुद्दाम एका गटात बसवायचे. इस्रायली आणि अरब मुलं एकाच रचनेत एकमेकांचा श्वास बघून सुरुवात करतात. याने युद्ध थांबत नाही. पण समोरच्याचं ऐकल्याशिवाय आपली ओळ पुढे जाऊच शकत नाही, हा अनुभव त्या मुलांच्या अंगात मुरतो.

आदिलाबादला याची गरज नाही असं कुणी म्हणू नये. 2017 साली गोंड आणि लंबाडा समाजांत इथे जो तणाव पेटला तो सगळ्यांना आठवत असेल. इचोड्याच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी आणि उर्दू रोज एकमेकींना भेटतात. देवाणघेवाण होते, पण पुष्कळदा ती कापसाच्या भावापुरती.

आता आपल्या शास्त्रीय संगीताकडे वळू. आपली बैठक हीसुद्धा चार माणसांचीच गोष्ट. गायक, तबला, पेटी, तानपुरा. तिथेही कुणी हात हलवून सम दाखवत नाही. मग शिकवताना आपण प्रत्येकाला एकेकटं का बसवतो? गायन-वादनाच्या परीक्षांत प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत विद्यार्थी स्वतःपुरता पारखला जातो. त्याने तबल्याचं किती ऐकलं, पेटीवाल्याला जागा दिली का, दुसऱ्याची तान संपेपर्यंत थांबला का, याला फारसं कुणी विचारत नाही. मराठवाड्याच्या मातीतून आलेले आप्पा जळगावकर उभी हयात पेटीची साथ करत राहिले. भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, किशोरी आमोणकर, प्रत्येकाचं गाणं वेगळं आणि प्रत्येकामागे आप्पांची पेटी वेगळी. असं ऐकणं परीक्षेच्या पुस्तकातून येत नाही. ते जाणत्याच्या शेजारी बसून, त्याच्याबरोबर वाजवूनच येतं. शास्त्रीय कलावंतांनी इचोड्यात यावं ते यासाठी. यमनचे आरोह-अवरोह शिकवायला मोबाइलवर हजार माणसं आहेत.

आणि इथे येऊन त्यांना नुसतं द्यायचं नाही, घ्यायचंही आहे. या मुलखात ऐकत वाजवण्याची जुनी विद्या आहे आणि ती परधानांची आहे. परधान हे गोंडांचे भाट. गोंडांच्या देवांच्या, कुळांच्या, लढायांच्या कथा त्यांच्या तोंडी असतात आणि हातात किकरी. तीन तारांचं, गजाने वाजवायचं हे वाद्य. त्याचा आवाज सारंगीइतका गुळगुळीत नाही, त्याला एक खरखर आहे. कथा सांगणाऱ्याच्या गळ्याला ती बिलगून चालते आणि बरोबरचे लोक पालुपद उचलतात. आपल्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल की आदिलाबादच्या या परधानांची घरातली भाषा मराठी. गोंड यजमानापुढे कथा गोंडीत, घरी बोलणं मराठीत. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ 1941 मध्ये या जिल्ह्यात आले, मार्लवाई गावी राहिले आणि 1948 साली आदिलाबादच्या राजगोंडांवर त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथातल्या पुराणकथांचा मोठा ठेवा परधानांच्या तोंडून आलेला आहे. आपल्या मराठी संगीत-चर्चेत मात्र या मराठी बोलणाऱ्या वादकांचं नाव कुठे येत नाही. 1956 मध्ये किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, उरलेला आदिलाबाद आंध्राकडे राहिला आणि इथला मराठी माणूस आपल्या नजरेआड झाला. त्याची किकरीही त्याच्याबरोबर गेली.

परधानाचं वाजवणं हा त्याचा पिढीजात व्यवसाय होता. प्रत्येक परधान घर ठरलेल्या गोंड कुळाशी बांधलेलं. लग्नात, मर्तिकात, देवकार्यात त्याने वाजवायचं आणि यजमानाने धान्य, कपडा, कधी गुरं द्यायची. केसलापूरच्या नागोबा जत्रेत आजही मेश्राम कुळाच्या परधानांना मान आहे. पण वर्षातल्या अशा काही दिवसांवर घर चालत नाही आणि मुलगा किकरी हातात घेत नाही. म्हणून शिबिर भरलं तर तिथे परधान वादक ‘लोककलेचं सादरीकरण’ करायला संध्याकाळी तासभर बोलावलेला नसावा. तो पहिल्या दिवसापासून शिक्षक असावा. पुण्या-मुंबईहून आलेल्या गायकाइतकंच त्याचं मानधन असावं, तेही त्याच दिवशी, त्याच हिशेबाने. तेलंगणातले किन्नेरावादक दर्शनम मोगिलय्या यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यावर शाळेच्या पुस्तकात धडा आहे. 2024 मध्ये तेच बांधकामावर मजुरी करताना दिसले. सन्मानाने पोट भरत नाही हे एवढं लखलखीत पुढे आल्यावरही आपण कलावंताला शाल देऊन परत पाठवत असू तर तो अन्याय आहे.

शास्त्रीयवाले आणि किकरीवाले एकत्र बसले तर स्वर जुळायचे कसे, असं विचारणारे भेटतील. प्रश्न रास्त आहे. किकरीला पेटीच्या पट्टीत कोंबायचा हट्ट धरला तर किकरी मरेल, आणि परधानी कथेवर उगाच बागेश्रीची कलाकुसर चढवली तर दोन्ही बिघडेल. उलट करून पाहावं. पेटी बाजूला ठेवावी. किकरीचा जो षड्ज असेल त्यावर तानपुरा लावावा, आणि गायकाने पालुपद उचलणाऱ्यांत बसावं. तबल्याऐवजी पखवाज असला तर आणखी बरं. वारकरी भजनात पखवाज ऐकत वाढलेली मुलं या भागातल्या मराठी घरांत आहेत, त्यांना तो हात परका नाही. पाच मुलांचा एक गट, त्यात एक जाणता शास्त्रीय वादक किंवा गायक आणि एक परधान. गटात एक गोंड, एक लंबाडा, एक मराठी, एक मुसलमान मूल मुद्दाम असावं. असे सहा गट म्हणजे तीस मुलं. त्याहून जास्त घेऊ नयेत, कितीही शिफारशी आल्या तरी.

अखेरचा समारंभही नको. मुलांना जमलं तर शेवटच्या संध्याकाळी गावकऱ्यांनी येऊन ऐकावं. नाही जमलं तर तालीम ऐकावी. मार्लबरोची ही एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे. दहा दिवसांत काहीतरी ‘बसवायचं’ आहे हे ओझं डोक्यावर आलं की शिक्षक घाईने हुकूम सोडू लागतो आणि ऐकणं संपतं.

जागेची अडचण नाही. तेलंगणात शाळांना एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुट्टी असते आणि आश्रमशाळांच्या इमारती, स्वयंपाकघरं, खोल्या तेव्हा रिकाम्या असतात. खरी अडचण वेळेची. मे म्हणजे तेंदूपत्त्याचे दिवस. पहाटे घरातलं प्रत्येक हातपाय चालणारं माणूस रानात जातं, मुलंसुद्धा. त्या कमाईवर पावसाळ्याची सोय होते. सकाळचा वर्ग ठेवला तर गरीब घरातलं मूल येणारच नाही आणि शिबिर बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या मुलांचं होऊन बसेल. म्हणून दुपार उतरल्यावर सुरू करावं, पाचनंतर, आणि रात्री जेवण देऊन मुलांना घरी किंवा वसतिगृहात पोचवावं. उन्हाचा ताप बघता तेच शहाणपणाचं. मे महिना लग्नसराईचाही आहे. वाजवणाऱ्याला त्याच दिवसांत सुपारी मिळते, आणि दहा दिवस शिकवण्यासाठी त्याने ती सोडायची तर बुडालेल्या सुपाऱ्यांइतका पैसा आधी हातात पडायला हवा.

पैसा कुठून येणार? उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणेकडे आश्रमशाळा आहेत. तिने जागा आणि जेवण द्यावं. मार्लवाईचे कनक राजू यांना 2021 साली गोंडांच्या गुसाडी नृत्यासाठी पद्मश्री मिळाली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ते गेले. त्यांच्याबरोबर काय काय गेलं याचा हिशेब या यंत्रणेने करायलाच हवा, आणि जे किकरीवादक आज हयात आहेत त्यांच्या बाबतीत तो आधीच करावा. मानधनाचा भार इचोड्याच्या कापूस व्यापाऱ्यांनी आणि नागपूर-नांदेडच्या संगीत संस्थांनी वाटून घ्यावा. बाराएक कलावंतांचं दहा दिवसांचं मानधन ही एखाद्या शहरी महोत्सवाच्या मंडप-रोषणाईपुढे फार मोठी रक्कम नाही.

कलावंतांच्या उन्हाळ्याच्या तारखा दिवाळीनंतर भराभर भरतात. पत्रं डिसेंबरात गेली तर येत्या मे महिन्यात काही होईल, मार्चमध्ये गेली तर नाही. नागपूर, नांदेड, परभणी, संभाजीनगरकडचे जे गायक-वादक हा स्तंभ वाचतात त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपले दहा दिवस आतापासून मोकळे ठेवावेत. आणि इचोड्याला येण्याआधी एक काम करावं. जवळच्या एखाद्या परधान वस्तीत जाऊन, आपलं वाद्य न काढता, एक पूर्ण कथा ऐकून यावी. ती रात्रभर चालते, तेव्हा सवडीने जावं.