आधी किल्लीचं बोला

जून 2005 मध्ये सिटीग्रुपने जाहीर केलं की, कुरियरने पाठवलेल्या टेप वाटेत गहाळ झाल्या आहेत. त्यांत 39 लाख ग्राहकांची माहिती होती, आणि ती एन्क्रिप्ट केलेली नव्हती. तेव्हापासून एन्क्रिप्शनची साधनं विकणाऱ्यांना तोटा नाही. मेनफ्रेमसाठी त्यांतलं नेमकं कोणतं घ्यावं, हे पुण्या-मुंबईत बसून परदेशी बँकांची यंत्रणा सांभाळणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही ठरवावं लागतं.

विक्रेता आधी अल्गोरिदमचं कौतुक सांगतो. त्यात वेळ घालवू नका. एईएस हे अल्गोरिदम 2001 पासून प्रमाणित आहे आणि चांगल्या साधनांत ते असतंच. विचारायचं ते हे : एन्क्रिप्ट केलेला मजकूर उलगडणारी किल्ली कुठे राहते, आणि कोणाच्या हाती?

या कसोटीवर मला आयबीएमची डेटासेट (म्हणजे मेनफ्रेमवरच्या फाइल) एन्क्रिप्शनची पद्धत सर्वांत पटते. 2017 च्या झेड14 मेनफ्रेमपासून तिला वेग आला, कारण हे काम प्रोसेसरमध्येच होतं. प्रोग्रॅम बदलावे लागत नाहीत. मुख्य म्हणजे स्टोरेज सांभाळणारा माणूस फाइल हलवू शकतो, तिचा बॅकअप घेऊ शकतो, पण रॅकएफ या परवानग्या सांभाळणाऱ्या यंत्रणेत त्याला किल्लीची परवानगी नसेल तर आतला मजकूर त्याला वाचता येत नाही. वर्षानुवर्षं या माणसाला सगळंच उघडं असायचं. ही फट बुजली, हे मला फार मोलाचं वाटतं.

मात्र हे संरक्षण घरापुरतंच आहे. परवानगी असलेल्या जॉबने फाइल वाचून बाहेर पाठवली, की ती उघडीच जाते. भागीदार कंपनीला फाइल द्यायची तर ओपनपीजीपीसारखं वेगळं साधन लागतं. तिथे एफटीपी बायनरीतच ठेवा. एन्क्रिप्ट झालेल्या फाइलवर एब्सिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतातून आस्कीत रूपांतर चाललं, तर ती पलीकडे कधीच उघडणार नाही. कॉम्प्रेशनही एन्क्रिप्शनच्या आधीच करायचं. नंतर फाइल जवळपास आकसतच नाही.

साधन कोणतंही घ्या, सही करण्यापूर्वी विक्रेत्याला तुमच्या आपत्कालीन केंद्रावर न्या आणि एन्क्रिप्ट केलेला बॅकअप तिथे उघडून दाखवायला सांगा. तिथे मास्टर किल्ली कोण भरणार, तो माणूस रजेवर असला तर दुसरा कोण, हे लेखी घ्या. ते मिळत नसेल तर सही करू नका.