टाकीचं कुलूप

मंत्रचळावरचा (ओसीडीवरचा) माझा मागचा लेख वाचून केज तालुक्यातल्या एका घरानं पाण्याच्या टाकीला कुलूप लावलं. सून तासन् तास हात धुते, घासलेली भांडी पुन्हा घासायला काढते आणि गावाला टँकरचं पाणी. धनेगावचं मांजरा धरण याच तालुक्यात, पण उन्हाळ्यात हंडे मोजूनच वापरावे लागतात. सासरे फोनवर म्हणाले, "तुम्हीच लिहिलं होतं की, धुणं रोखायचं म्हणून." किल्ली त्यांच्याच खिशात आहे.

हा आठवडा मला त्या किल्लीनं स्वस्थ बसू दिलं नाही.

कारण वरवर पाहिलं तर सासऱ्यांनी केलं ते उपचारासारखंच दिसतं. १९६६ साली व्हिक्टर मेयर यांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. आजच्या मंत्रचळाच्या वर्तनोपचाराचं मूळ तिथे आहे. त्यातल्या एकीला धुण्याचा मंत्रचळ होता आणि तिच्या खोलीतलं पाणी खरोखरच बंद केलं होतं! मग लंडनचा नळ आणि केजची टाकी यांत फरक काय?

फरक असा, की लंडनमध्ये परिचारिका जागेपणी सतत तिच्या सोबत असत, तिची समजूत काढत, तिला दुसऱ्या कामात गुंतवत. ज्या वस्तूंची तिला धास्ती, त्यांनाच हात लावायला तिला प्रोत्साहन दिलं जाई. हात धुतला नाही तर जीव कासावीस होतो, पण ती कासाविशी कायम टिकत नाही, न धुताही ओसरते. हे रुग्णाला स्वतःच्या अंगावर अनुभवावं लागतं. आज हा उपचार पायरीपायरीनं करतात. आधी सोप्या धास्तीची यादी, मग अवघड. पुढची पायरी कधी चढायची, हे रुग्णाच्या संमतीनं ठरतं. कुलपामागे बसलेली बाई यातलं काहीच शिकत नाही. ती कुलूप उघडण्याची वाट पाहते. तोवर हात राखेनं घासते, पदराला पुसते, नाहीतर "मी शिवले का त्याला?" असं घरच्यांना दहादा विचारते. धुणं थांबलं, मंत्रचळ तसाच राहिला, आणि वर चोरासारखं वागवल्याचा अपमान.

उलट टोकाची घरंही आहेत. भांडण नको म्हणून नवरा गुपचूप दोन हंडे जास्त आणून देतो. त्या मायेवरही हा आजार पोसतो.

केजची ही सून पाण्याची उधळपट्टी करत नाही. हात स्वच्छ आहेत हे तिला बहुतेक वेळा कळतं, तरी मन मानत नाही. आणि मंत्रचळ नेहमी धुण्याचाच असतो असं नाही. मेयर यांच्या दुसऱ्या रुग्णाला देवाधर्माविषयी अभद्र विचार येत. असं कुणाला परळीच्या गाभाऱ्यात झालं, तर तो मरेपर्यंत तोंड उघडणार नाही. धुणारी निदान दिसते तरी. माझं तर ठाम मत आहे की टँकरच्या गावात मंत्रचळ शहरापेक्षा लवकर पकडता येईल, कारण इथे हंड्यांचा हिशेब घराघरात असतो. २०१५ साली सुरू झालेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात आशाताई नैराश्याची विचारपूस करायला दारोदार गेल्या. त्याच विचारपुशीत "घरात कुणाला धुण्यात, तपासण्यात तास जातात का?" एवढा एक प्रश्न घाला, हे मी मागेही लिहिलं आणि पुढेही लिहिणार. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये हा आजार सुमारे ०.८ टक्के आढळला. सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण पंचवीस लाखांवर वस्तीच्या बीड जिल्ह्यातल्या प्रौढांना तेच प्रमाण लावलं तरी आकडा दहा हजारांपुढे जातो.

आता त्या सासऱ्यांसाठी. कुलूप आजच काढा. सुनेला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभागात न्या. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर तिला स्वतःला बोलू द्या. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून त्या बंद करू नका. सोबत तिच्या नवऱ्यानं जावं. किती हंडे लागतात ते डॉक्टरांना तिच्यासमोर सांगा, पण आधी तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या.