अठ्ठेचाळीस मते आणि एक अक्षर



निवडणूक जवळ आली की एक वाक्य आपल्या कानावर हमखास पडते : "माझ्या एका मताने काय होणार आहे?" हे म्हणणारी माणसे वाईट नसतात. लाखो मतांच्या ढिगात आपले एक मत त्यांना दिसत नाही, एवढेच. म्हणून आज आपण अशा निवडणुका पाहू, ज्यांत एकेक मत स्पष्ट दिसले.

सन २०२४ ची लोकसभा निवडणूक घ्या. मुंबईच्या वायव्य मतदारसंघात शिवसेनेचे रवींद्र वायकर आणि शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अमोल कीर्तिकर यांच्यात लढत होती. मतदान यंत्रांवरील मते मोजून झाली, तेव्हा कीर्तिकर फक्त एका मताने पुढे होते. मग टपालाने आलेली मते मिळवली. वायकरांना अशी १,५५० मते पडली होती, तर कीर्तिकरांना १,५०१. एकूण बेरीज झाली ४,५२,६४४ आणि ४,५२,५९६. वायकर ४८ मतांनी निवडून आले. दोघांची मिळून नऊ लाखांहून अधिक मते आणि निकाल लागला तो तुमच्या एका वर्गात बसतील एवढ्या माणसांच्या मतांनी!

आता पुढची गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या मोजणीत १११ टपाली मते बाद ठरली होती. फरकाच्या दुपटीहून ही संख्या जास्त होती. त्यामुळे ती पुन्हा तपासून पाहावी लागली. टपाली मत बाद होते, ते बहुधा साध्या कारणाने. सोबतचा कागद जोडलेला नसतो किंवा सही राहून गेलेली असते. पराभूत उमेदवाराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०२४ मध्ये ती याचिका फेटाळण्यात आली.

असाच प्रसंग दूर कॅनडातही घडला. क्विबेक प्रांतात मॉन्ट्रियल शहराजवळ तेरबॉन नावाचा मतदारसंघ आहे. तेथील बहुसंख्य लोकांची भाषा फ्रेंच आहे. एप्रिल २०२५ च्या संसदीय निवडणुकीत तेथे फेरमोजणी झाली. एका उमेदवाराला २३,३५२ मते मिळाली, दुसऱ्याला २३,३५१. फरक एका मताचा! नंतर कळले, की एका मतदार बाईचे टपालाने पाठवलेले मत तिच्याच घरी परत आले होते. पाकिटावर छापलेला टपाल क्रमांक चुकला होता. आपण पराभूत उमेदवाराला मत दिले होते, असे त्या बाईने सांगितले. वाद न्यायालयात गेला.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक निवडणूक काही अशी चुरशीची नसते. खरे आहे. २०२४ मध्येच आपल्या यवतमाळ-वाशीम मतदारसंघात संजय देशमुख ९४,४७३ मतांनी विजयी झाले. पण त्याच वर्षी विधानसभेच्या निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. (हे मालेगाव आपल्या जिल्ह्यातले नव्हे, नाशिक जिल्ह्यातले.) कोणता निकाल किती मतांनी लागणार, हे मतदानाच्या दिवशी कोणालाच माहीत नसते. ते मोजणीनंतरच कळते.

"मतदान करा" हा उपदेश तुम्ही पुष्कळदा ऐकला असेल. माझे म्हणणे त्याच्या एक पाऊल आधीचे आहे. मत केवळ आळसाने वाया जात नाही. ते राहिलेल्या सहीने, चुकलेल्या आकड्याने, चुकलेल्या अक्षरानेही वाया जाते. आपल्या घरांतील कागद पाहा. एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद', शिधापत्रिकेवर 'महंमद' आणि मतदार यादीत 'महमद' असते. आईचे नाव कोठे 'फातेमा बी', तर कोठे 'फातिमाबी'. ओळख पटत असेल, तर लहानशा चुकीमुळे मतदान नाकारले जात नाही. परंतु यादीत नाव सापडलेच नाही, तर काय कराल? केवळ ओळखपत्र हातात असून भागत नाही, नाव यादीत असावे लागते.

आपल्याकडे मतदार यादी मराठीत असते. घरातील वडीलधाऱ्यांना उर्दू उत्तम वाचता येते, पण मराठी वाचताना ते अडखळतात. तुम्हांला मात्र दोन्ही लिपी येतात. मग मराठीचा तास केवळ परीक्षेतील गुणांसाठी आहे, असे का समजावे? अब्बांचे, अम्मींचे, दादी-नानींचे नाव यादीत शोधा. नाव, वय, पत्ता ताडून पाहा. चूक असेल, तर नमुना क्रमांक ८ भरून ती दुरुस्त करता येते. नवीन नावासाठी नमुना क्रमांक ६ असतो. तुम्हांला सतरा वर्षे पूर्ण झाली, की तुम्हीही आगाऊ अर्ज करू शकता. अडचण आली, तर आपल्या भागातील बीएलओंना विचारा.

मत कोणाला द्यावे, हे तुमच्या घरच्यांना सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तुम्हांलाही नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण त्यांचे मत मोजले जाईल, एवढी काळजी तुम्ही नक्की घेऊ शकता. ती निवडणुकीच्या आदल्या रात्री नव्हे, आजच घ्या.