रूळ कुठून ओलांडणार, ते आधी ठरवा

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. निघण्याआधी कुठे पोहोचायचंय एवढंच पाहू नका. पश्चिम रेल्वेचे रूळ कुठून ओलांडणार, ते पक्कं करा. उत्तर-दक्षिण जायला हायवे आहे, एस. व्ही. रोड आहे, लिंक रोड आहे. एक तुंबला तर दुसरा धरता येतो. पूर्वेकडून पश्चिमेला जायच्या जागा मात्र मोजक्या, आणि त्यातली एक बंद पडली की शेजारच्या दोन्ही काही मिनिटांत भरतात.

अंधेरीकरांनी हे वर्षानुवर्षं सोसलंय. 3 जुलै 2018 ला गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. 7 नोव्हेंबर 2022 पासून पूल वाहतुकीला बंदच झाला. एक बाजू 26 फेब्रुवारी 2024 ला उघडली, पूर्ण पूल मे 2025 मध्ये. तोवर सगळा भार पार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावर, सांताक्रूझच्या मिलन पुलावर आणि जोगेश्वरीच्या बाळासाहेब ठाकरे पुलावर. ती बंदी निदान जाहीर झालेली होती. बंद पडलेला ट्रक किंवा तासाभराचा पाऊस अशी सूचना देत नाही.

म्हणून नेहमीच्या पुलाच्या दक्षिणेचा एक आणि उत्तरेचा एक, असे दोन पर्याय ठरवून ठेवा. नुसते नकाशावर पाहू नका. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना दोन्हीकडून एकदा गाडी नेऊन या. हायवेवरून सर्व्हिस रोडला कुठे उतरायचं, पुलावर चढायला कुठली लेन धरायची, हे ऐन कोंडीत शोधता येत नाही. वांद्र्याकडून हायवेने अंधेरी पश्चिमेला जात असाल, तर मिलन पूल घ्यायचा की नाही याचा निर्णय वाकोल्याचा उड्डाणपूल येण्याआधी व्हायला हवा. पुढे गेल्यावर बातमी कळली, तर यू-टर्नसाठी लांबचा वळसा पडतो.

पावसाळ्यात अंधेरी सबवे आणि मिलन सबवे यांच्या भरवशावर निघूच नका. दोन्ही सखल आहेत, जोराची सर आली की भरतात. समुद्राला साडेचार मीटरच्या वर भरती असेल तेव्हा पाण्याचा निचरा आणखी मंदावतो. महापालिका भरतीचं वेळापत्रक आधीच जाहीर करते. ते फोनमध्ये ठेवा. फोनवरचा नकाशा उपयोगी आहे, पण पाणी भरलेल्या रस्त्यावर गाड्याच नसतात, म्हणून तोच रस्ता त्याला मोकळा वाटू शकतो. पोलिसांनी बॅरिकेड लावलं असेल तर मागे फिरा.

आणि साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बंद गाड्यांत अडकून माणसं गुदमरून गेली. पाणी वाढतंय असं दिसलं की काचा खाली करा, गाडी सोडा, उंचावर जा. गाडीचं पुढे पाहता येईल.

कोंडीत सापडलात तर गल्लीबोळांत शिरायचा मोह आवरा. सगळे तेच करतात आणि दुतर्फा पार्किंगच्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की मागची रुग्णवाहिकाही अडकते. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो रुळांच्या वरून जाते. काम एकट्याचं असेल, तर गाडी पूर्वेलाच लावून तिने जाणं बरं.

घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असेल, तर आणखी एक करा. तुमचे डॉक्टर रुळांच्या पलीकडे बसत असतील, तर अलीकडे, तुमच्याच बाजूला, रात्री तातडीची सेवा देणारं रुग्णालय कुठलं ते आजच विचारून घ्या. आधीच्या तपासण्यांच्या कागदांची एक प्रत वेगळी काढून ठेवा आणि ती कुठे ठेवलीय ते घरातल्या सगळ्यांना सांगा.