पुढचा एक दाता

नवी गाडी घेतली की लोक तीन प्रश्न विचारतात. किती सीसीची? ॲव्हरेज काय देते? पळते किती? पुढच्या चक्राला दाते किती आहेत, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. छोट्या ड्युअल-स्पोर्ट गाडीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा, असं माझं मत आहे. तो न विचारल्यामुळे कितीतरी जण चांगली गाडी असून तिच्याशी वर्षभर भांडत बसतात आणि शेवटी ती विकून टाकतात.

ड्युअल-स्पोर्ट म्हणजे डांबरावरही चालेल आणि डांबर संपल्यावरही चालेल अशी गाडी. आपल्याकडे या जातीच्या छोट्या गाड्या फार आल्याच नाहीत. २०११ साली हीरोने इम्पल्स आणली, दीडशे सीसीची. ती काळाच्या आधी आली, असं म्हणतात. मला विचाराल तर तिच्या अंगापिंडाला इंजिन कमी पडत होतं. मग २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली आणि कोकणातल्या, घाटावरच्या वाड्यावस्त्यांत फिरणाऱ्या आमच्यासारख्यांची सोय झाली. पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची, पोटाखाली भरपूर जागा. इंजिन अठरा-एकोणीस पीएसचं, गिअर पाच, वजन दीडशे किलोंच्या वर. त्यावर आपण, आपलं सामान आणि मागे घरातलं माणूस. एवढ्या ताकदीत मुंबई-गोवा हायवेही गाठायचा आणि पावसाळ्यात जांभ्याची निसरडी चढणही चढायची. दोन्ही कामं एकाच गिअर-जुळणीत नीट बसणं अवघड. म्हणून कंपनी मधला आकडा निवडते. माझ्या गाडीला पुढे १३ दाते आहेत, मागे ४०.

"कंपनीने विचार करूनच दिलंय ना?" असं दुकानदार म्हणतो. दिलंय विचार करूनच. पण तो विचार दिल्लीच्या रिंगरोडवर फिरणाऱ्याचाही होता, स्पितीला जाणाऱ्याचाही आणि आवाज व धुराच्या नियमांचाही. माझ्या खालाच्या वाडीचे शेवटचे तीन किलोमीटर त्या विचारात नसणार, आणि त्यात कंपनीचा काही दोष नाही.

आता हिशेब. मागचे दाते भागिले पुढचे दाते. ४० भागिले १३ म्हणजे ३.०८. पुढचं चक्र तीनदा आणि वर थोडंसं फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं. पुढे १२ बसवलं तर ३.३३. म्हणजे सव्वाआठ टक्के जास्त ओढ आणि त्याच फेऱ्यांना तेवढ्याच हिशेबाने कमी वेग. पुढे १३ च ठेवून मागे ४३ बसवलं तर ३.३१, जवळपास तेच. गॅरेजमधली पोरं म्हणतात, "पुढे एक म्हणजे मागे तीन." अगदी बरोबर आहे. ज्यांनी लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल घेऊन चढावर पाय दुखवून घेतलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ताकद वाढत नाही. थोडा वेग द्यायचा आणि त्या बदल्यात ओढ घ्यायची, एवढाच हा व्यवहार. आणि तो पाचही गिअरमध्ये एकदम होतो. पहिला छोटा केला तर पाचवाही छोटा होतोच.

माझा भाचा या व्यवहाराच्या उलट बाजूला आहे. तो पनवेलला असतो आणि महिन्यातून दोनदा गावाकडे येतो. "मामू, पुढे १४ टाका. हायवेला इंजिन शांत होईल." त्याचं अर्धं बरोबर आहे. समजा, एका ठरावीक वेगाला १३ वर इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतंय. १२ वर ते ६५०० घेईल, १४ वर साधारण ५५७०. फरक कानाला आणि हाताच्या मुठीला कळतो. दोनशे किलोमीटरनंतर तर पाठीलाही कळतो. पेट्रोलही हायवेवर १२ वर जास्तच जाणार. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण छोट्या इंजिनाला मोठी जुळणी दिली की तिचा उपयोग फक्त सपाटीवर, वारा पाठीशी असताना होतो. समोरून वारा आला, थोडा चढ लागला, मागे कुणी बसलं की पाचव्याला ओढवत नाही आणि आपण चौथ्यात उतरतो. मग त्या १४ चा फायदा कुठे राहिला? पाचवा गिअर शोभेचा होतो. कधी कधी तर कमाल वेगही वाढण्याऐवजी घटतो, कारण इंजिन आपल्या ताकदीच्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही. साडेसहाशे सीसीच्या गाडीला जे शोभतं ते दोनशेच्या गाडीला शोभेलच असं नाही.

मी निवड करताना उलटीकडून सुरुवात करतो. जास्तीत जास्त किती पळवायची आहे ते नंतर. कमीत कमी किती वेगाने, क्लच पूर्ण सोडून, गाडी चालली पाहिजे हे आधी. क्लच पूर्ण सोडून, हे महत्त्वाचं आहे.

खालाचा रस्ता घ्या. चिपळूणपासून तासाभराचं अंतर. त्यातला बराचसा ठीकठाक. शेवटी चढण, फुटलेलं काँक्रीट, मधे पाण्याने खणलेली चर, आणि दोन वळणांवर उघडा पडलेला जांभा. जून ते सप्टेंबर रिक्षावाले तिथे येत नाहीत. येतो म्हणणारा अर्ध्यावर उतरवतो. खाला सत्तरीची आहे, शुगर आणि बीपी दोन्ही. महिन्यातून दोनदा तिला खाली दवाखान्यात आणायचं आणि परत पोचवायचं. ती एका बाजूला पाय घेऊन बसते, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. अशा वेळी गाडीला चालत्या माणसाच्या वेगाला शक्य तितकं जवळ राहता आलं पाहिजे, तेही धक्का न बसता. पहिला गिअर मोठा असेल तर दोनच पर्याय उरतात. एक, हाफ क्लचवर ओढत राहायचं. मग क्लच प्लेटा तापतात, हात दुखतो आणि ओढ कधी येईल कधी जाईल याचा भरवसा राहत नाही. दुसरा, वेग वाढवायचा आणि दगडांवरून उडवत न्यायचं. एकटा असताना ते चालतं. सत्तरीच्या बाईला मागे बसवून चालत नाही.

आकड्यात हा फरक किरकोळ दिसतो. एखाद्या चढणीवर क्लच सोडून १३ ला ताशी १० किलोमीटर जमत असतील, तर १२ ला सव्वानऊच्या आसपास आणि १४ ला पावणेअकराच्या थोडं वर. दीड किलोमीटरचा फरक! कागदावर हसू येईल. ओल्या जांभ्यावर चर ओलांडताना येत नाही. उतारावर त्याचा आणखी उपयोग. इंजिन जास्त धरून ठेवतं, त्यामुळे पुढच्या ब्रेकला हात कमी लावावा लागतो. निसरड्यावर पुढचा ब्रेक म्हणजे काय, हे कुंभार्ली घाटात श्रावणात गेलेल्याला विचारा.

म्हणून माझं मत १२ च्या बाजूने. पण त्यालाही एक अट आहे.

पुढचं चक्र बदलणं स्वस्त आणि सोपं. चेन ढिली करायची, वरचं झाकण काढायचं, जुनं काढून नवं बसवायचं. मागचं चाक समायोजनात साधारण तीन मिलिमीटर मागे जातं, जुनीच चेन पुरते. पण छोट्या चक्रावर चेनला जास्त वळावं लागतं. प्रत्येक कडी जास्त दुमडते, भार कमी दात्यांवर वाटला जातो, झीज वाढते. शिवाय चेन स्विंगआर्मच्या जवळून जाते. तिथल्या रबरी पट्टीवर घासते का, हे पाहत राहावं लागतं. आणखी एक बारीक गोष्ट. १३ दाते आणि चेनच्या कड्या यांना सहसा सामाईक विभाजक नसतो, म्हणून झीज सगळीकडे सारखी पसरते. चेनच्या कड्या सहसा सम असतात, म्हणून १२ आणि कड्या दोघांनाही २ ने भाग जातो, त्यामुळे त्याच त्या दाता-कडीच्या जोड्या पुन्हा पुन्हा समोर येतात. याने चेन उद्या तुटणार नाही, पण झिजायची ती लवकर झिजेल. बाराच्या खाली तर मी कुणालाच जायला सांगणार नाही.

म्हणून मी असं सुचवेन की, एक पावसाळा १२ वर काढून पाहा. खर्च थोडा, परतीचा रस्ता मोकळा. आपल्याला हीच जुळणी हवी, असं मनाशी ठरलं की पुढचा चेन-सेट बदलताना १३ आणि ४३ घ्या. ओढ तीच, चेनला त्रास कमी. मात्र मागे तीन दाते वाढले की चाक जवळजवळ साडेनऊ मिलिमीटर पुढे यायला पाहते आणि नव्या चेनला तेवढी जागा सहसा नसते. तेव्हा दोन कड्या जास्त असलेली चेन लागते. हे आधीच सांगितलं नाही तर गॅरेजमध्ये दुपार जाते. आणि घेण्याआधी स्वतःच्या गाडीचे दाते मोजा. वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत फरक असू शकतो. बोटाने मोजता येतात, पुस्तक नको.

बसवून झाल्यावर खरी चूक चेन ताणण्यात होते. रोज कम्यूटर गाड्या हाताळणारा मेकॅनिक या गाडीचीही चेन तशीच घट्ट करतो. या गाड्यांचं सस्पेन्शन लांब हलतं. गाडी दबली की पुढचं चक्र, स्विंगआर्मचा सांधा आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात, आणि तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. स्टँडवर टुमदार दिसणारी चेन खड्ड्यात बेअरिंग खाते. म्हणून दोन माणसं बसवून ढिलेपणा पाहायला सांगा. मेकॅनिक हसला तरी सांगा.

हसणाऱ्यांवर माझा राग नाही. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी मुलं सातवी-आठवीत शाळा सोडून गॅरेजमध्ये बसली. गणिताच्या पेपरात गुणोत्तर-प्रमाणाला जी नापास झाली, तीच आज "पुढे एक म्हणजे मागे तीन" बोटांवर सांगतात. स्प्रॉकेट हा शब्द त्यांच्या तोंडी नसतो, ती चेन सॉकेट म्हणतात. मी एका पोराला खडूने फरशीवर ४० भागिले १३ करून दाखवलं. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हे तर आम्हाला शिकवलं होतं. कशासाठी ते नव्हतं सांगितलं." त्याच्या शिक्षकांना दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. पण फळ्यावर एक चेन-सेट टांगायला किती खर्च येतो?

स्पीडोमीटरचं विचाराल तर, वेगाची नोंद पुढच्या चाकावरून होत असेल तर काही बदलत नाही. गिअरबॉक्सवरून होत असेल तर १२ वर काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवेल आणि किलोमीटरही फुगतील. ॲव्हरेज काढताना हे लक्षात घ्या, नाहीतर गाडी एकदम सुधारल्यासारखी वाटेल.

काढलेलं १३ चं चक्र फेकू नका. तेल लावून कागदात गुंडाळून ठेवा. भाच्याबरोबर कधी गोव्याला जायचं ठरलंच, तर आदल्या संध्याकाळी अर्ध्या तासात ते परत बसतं.