स्वस्त घड्याळाचा खरा हिशेब

भारत आणि ‘एफ्टा’ हा युरोपातील चार देशांचा गट यांच्यातील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ रोजी अमलात आला. स्वित्झर्लंड हा या गटातील प्रमुख देश. स्विस घड्याळांवरील आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याची तरतूद करारात आहे. शौकिनांच्या दृष्टीने ती स्वागतार्ह असली, तरी मनगटी घड्याळासाठी हजार-दोन हजार रुपयेच बाजूला काढू शकणाऱ्या ग्राहकाला तिचा काडीचाही उपयोग नाही. त्याच्या घड्याळावर वस्तू व सेवा कर लागतो तो १८ टक्केच. नोव्हेंबर २०१७ मध्ये हा दर २८ टक्क्यांवरून खाली आणण्यात आला. पण हजाराचे घड्याळ आणि लाखाचे घड्याळ यांना आजही एकच मापदंड लागू आहे.

अहिल्यानगर शहराच्या पुणे रस्त्यावरील केडगाव उपनगराचे उदाहरण घ्यावे. येथून एका बाजूला नागापूरची, तर दुसऱ्या बाजूला सुप्याची औद्योगिक वसाहत गाठता येते. पाळीत काम करणाऱ्या कामगाराला दहा मिनिटांचा उशीरही परवडत नाही. अनेक कारखान्यांत यंत्रावर काम करताना मोबाइल जवळ बाळगण्यास मनाई असते. अशा ठिकाणी घड्याळ हा दागिना नसून कामाचे साधन असते. मोबाइलमुळे घड्याळाची गरज संपली, हे विधान कार्यालयात बसणाऱ्यांपुरते खरे असेल, सर्वांसाठी नाही.

या वर्गासाठी घड्याळ बनविण्याची जबाबदारी एके काळी सरकारनेच उचलली होती. जपानच्या ‘सिटिझन’ कंपनीच्या सहकार्याने ‘एचएमटी’ने १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळांचे उत्पादन सुरू केले. ‘जनता’ या नावातच त्या धोरणाचा आशय होता. चावीचे हे साधे घड्याळ नोकरी लागल्यावर घेतले जाई, लग्नात जावयाला दिले जाई आणि गावोगावचे घड्याळजी ते उघडून पुन्हा चालू करून देत. टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली ‘टायटन’ १९८७ मध्ये क्वार्ट्झ घड्याळे घेऊन बाजारात उतरली आणि चित्र पालटले. सतत तोट्यात गेलेली ‘एचएमटी वॉचेस’ बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली.

या स्थित्यंतराने ग्राहकाचे नुकसानच झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते. ‘सिटिझन’ समूहाचेच ‘मियोता २०३५’ हे यंत्र जगभरच्या असंख्य स्वस्त घड्याळांत असते. त्याची अचूकता महिन्याला सुमारे २० सेकंदांच्या फरकाची आहे. याउलट, प्रमाणपत्र मिळवणाऱ्या स्विस यांत्रिक घड्याळाला दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. थोडक्यात, अचूक वेळेसाठी आता जास्त पैसे मोजावे लागत नाहीत. मर्यादित रकमेत निवड करताना ध्यानात घेण्याची ही पहिली बाब. पैसे मोजायचे ते टिकाऊपणासाठी आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी.

टिकाऊपणाची पारख दुकानातच करता येते. मागील झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असे कोरलेले असेल, तर पोलादी असल्याची ग्वाही केवळ त्या झाकणापुरती असते. बाकीचे कवच बहुधा मुलामा दिलेल्या साध्या धातूचे असते आणि घामाने तो मुलामा उतरतो. ‘३० मीटर’ या खुणेचा अर्थ तेवढ्या खोल पाण्यात जाता येते, असा नाही. हात धुताना उडणारे शिंतोडे सोसण्याइतकीच ती क्षमता असते. पोहायचे असेल, तर किमान ५०, शक्यतो १०० मीटरची खूण हवी. चामडी पट्टा घामाने लवकर कुजतो. कामावर जाणाऱ्याला रबरी पट्टा किंवा पोलादी चेन बरी. पट्टा १८, २० किंवा २२ मिलिमीटर अशा रूढ मापाचा असेल, तर तो कुठेही बदलून मिळतो. कवचाशी जोडलेला, खास आकाराचा पट्टा तुटला की अनेकदा चांगले चालणारे घड्याळही टाकून द्यावे लागते.

सेलच्या बाबतीतही असाच हिशेब आहे. ‘६२६’ या नेहमीच्या मापात ‘एसआर’ आणि ‘एलआर’ असे दोन प्रकार मिळतात. ‘एसआर’ म्हणजे सिल्व्हर ऑक्साइडचा सेल. त्याचा दाब अखेरपर्यंत बराचसा स्थिर राहतो. ‘एलआर’ हा अल्कलाइन सेल स्वस्त असतो. पण त्याचा दाब हळूहळू उतरतो आणि तो गळण्याची शक्यता अधिक असते. गळालेला सेल यंत्रच निकामी करतो. थोडक्या रुपयांची बचत अशी संपूर्ण घड्याळाच्या मुळावर येते.

याच किमतीत मिळणाऱ्या स्मार्टवॉचचे आकर्षण तरुणांना असणे स्वाभाविक आहे. परंतु त्याची बॅटरी काही वर्षांत क्षीण होते आणि स्वस्त प्रकारांत ती बदलून मिळणे दुरापास्त असते. ‘आयडीसी’च्या पाहणीनुसार २०२४ मध्ये देशातील स्मार्टवॉचचा पुरवठा आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने घटला. नव्याची नवलाई ओसरू लागल्याचे हे चिन्ह मानता येईल.

अधिक गंभीर प्रश्न बनावट मालाचा आहे. ‘फर्स्ट कॉपी’ या गोंडस नावाने विकले जाणारे घड्याळ हा व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार गुन्हा आहे. बनविणाऱ्याइतकाच विकणाराही सहा महिने ते तीन वर्षे कारावासास पात्र ठरतो. ‘एचएमटी’च्या जुन्या घड्याळांवर नव्याने रंगवलेल्या तबकड्या चढवून ती अस्सल म्हणून विकण्याचा उद्योगही फोफावला आहे. यावर उपाय एकच : पावती आणि दुकानाचा शिक्का असलेले हमीपत्र. ते हाती असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मग खरेदी ऑनलाइन का असेना. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही लागत नाही. १९१५ या हेल्पलाइनवर त्याआधी दाद मागता येते.

तथापि, सगळा भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकून चालणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीचा हक्क’ या संकल्पनेसाठी पोर्टल सुरू केले. त्याच न्यायाने सेलचा क्रमांक, पट्ट्याची रुंदी, कवचाचा धातू आणि पाण्याची खरी मर्यादा या चार गोष्टी घड्याळाच्या डबीवर स्थानिक भाषेत छापणे उत्पादकांना बंधनकारक करता येईल. त्यासाठी ना अनुदान लागते, ना करार. स्विस घड्याळाच्या शुल्कावर वाटाघाटी करणाऱ्या सरकारला केडगावच्या कामगाराच्या घड्याळासाठी एवढे करणे अवघड नाही.